काडी पडली तिथल्या दोन मात्रा

माझा मोठा भाऊ सौंसरला राहायचा आणि आमच्या गाण्याच्या पार्टीत जॅझ वाजवायचा. जॅझ म्हणजे ड्रमचा पूर्ण संच. आमच्या भागात त्याला सगळे जॅझच म्हणतात. पायाने वाजवायचा मोठा ड्रम, गुडघ्यांच्या मधला स्नेअर, तीन लहानमोठे टॉम आणि तीन झांजा. पार्टी चौदा एप्रिलच्या जयंतीला आणि वैशाख पौर्णिमेला गाते, कुणाकडे नामकरण असेल तर गाते, कुणी वारलं तर पुण्यानुमोदनालाही गाते. भावाने त्या पार्टीत सव्वीस वर्षं वाजवलं. तो आता नाही.

दीड वर्षापूर्वी, डिसेंबरात, त्याला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू गेली. नागपूरला सतरा दिवस ठेवलं होतं. सतराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पाय थोडा येईल, बोलणं बरंच येईल, हात येणार नाही. मी विचारलं, किती टक्के. ते म्हणाले, टक्क्यांत सांगण्यासारखं नाही. भावाला मी पायाचं आणि बोलण्याचं सांगितलं. हाताबद्दल त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. खोटं बोललो नाही, एवढंच मला म्हणता येईल.

घरी आणल्यावर आठवड्याभराने पार्टीचा गायक तिगावहून त्याला भेटायला आला. दोघांची दोस्ती जुनी. खाटेजवळ बसून त्याने आधी तब्येतीचं विचारलं, मग चहा प्यायला, मग खाली पाहत म्हणाला, "भाऊ, जयंती जवळ येऊन राहिली. नागपूरचा एक पॅडवाला हाये. एकटाच सगळं करते. बटन दाबलं का रोल निघते."

भावाचं बोलणं तेव्हा फार तुटक होतं. त्याने डाव्या हाताने गायकाचं मनगट धरलं. "जागा," तो म्हणाला. "जागा... देऊ नको. मी येतो."

त्याला एवढंच पाहिजे होतं. तो बरा होऊन येईपर्यंत जॅझमागच्या स्टुलावर बाहेरचं कुणी बसू नये. गायकाने माझ्याकडे पाहिलं, वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. हाताचं काय होणार ते खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. मी म्हणालो, "तोवर मी बसतो."

गायक हसला. "तू? तू त नामकरणालेही घड्याळ पाहून टाळ्या वाजवते."

त्याचं चूक नव्हतं. मी पांढुर्ण्याला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. कापसाची गाडी भरलेली मोजायची, रिकामी मोजायची, दोन्हींतला फरक लिहायचा. बावीस वर्षं हेच केलं. लग्नाआधी नऊ वर्षं मी त्याच पार्टीत खंजिरी वाजवत असे आणि भावाने मला जॅझवर साधा ठेका धरायला शिकवला होता. ठेका माझा पक्का होता. आठ मात्रा म्हणजे आठच, कुणी मरो की जगो. पण ठेका सोडून मी कधी एक ठोकाही जास्तीचा मारला नव्हता.

आणि जॅझवाल्याचं खरं काम तिथेच सुरू होतं. मुखडा संपून अंतरा लागायच्या आधी ठेका सोडायचा, दोन्ही हातांनी सगळ्या ड्रमांवरून फिरून यायचं आणि बरोबर समेवर झांज मारून पुन्हा ठेक्यात यायचं. त्याला आम्ही रोल म्हणतो. आणि पाचव्या गाण्यानंतर गायक पाणी प्यायला थांबतो, कॅसिओवाला बोटं मोडत बसतो, तेव्हा दोन-तीन मिनिटं जॅझवाल्याने एकट्याने वाजवायचं असतं. त्याला नुसतं एकट्याचं म्हणतात. "आज एकट्याचं झालं का?" असं लोक विचारतात. भावाच्या एकट्यासाठी माणसं जेवण सोडून मांडवात येत.

दर रविवारी सकाळच्या गाडीने मी पांढुर्ण्याहून सौंसरला जाऊ लागलो. जॅझ भावाच्या समोरच्या खोलीत चादर टाकून ठेवलेला होता. त्याची खाट वहिनींनी मुद्दाम त्याच खोलीत आणली होती. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी ड्रमांवर टॉवेल टाकून वाजवायचो.

पहिल्या रविवारी मी वही घेऊन गेलो. रोल म्हणजे शेवटच्या चार मात्रांत किती ठोके बसतात, हे मी आधीच लिहून ठेवलं होतं. आठ बसतात, बारा बसतात, हात चालला तर सोळा. कोणत्या ड्रमावर किती, त्याचे तेवीस प्रकार आखले होते. भाऊ डोळे मिटून ऐकत होता. सातव्या प्रकारानंतर त्याने हात वर केला.

"काय मोजून राहिला?"

"मात्रा."

"तोंडानं बोल."

"एक दोन तीन चार..."

"आकडे नाई." त्याला पुढचा शब्द सापडेना. त्याने डाव्या हाताची बोटं खाटेच्या लोखंडी पट्टीवर मारली आणि वाकड्या तोंडाने म्हणाला, "धडाक तडाक तक धूम. असं. तोंडातून निघत नाई थे हातातून कसं निघन?"

मला त्याच्यासमोर धडाक तडाक म्हणायची लाज वाटली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. आत वहिनी भाकऱ्या थापत होत्या, त्या थांबल्या, हे मला ऐकू आलं. मी म्हटलं. भाऊ म्हणाला, "मुनीम वाटते मुनीम." तरी म्हणवून घेतलं. दुपारपर्यंत चार रोल तोंडातून निघाले आणि त्यांतले दोन हातातून.

फेब्रुवारीपर्यंत माझे रोल हिशोबात चोख बसू लागले. तेवढ्यात तिगावला एक नामकरण आलं. छोटाच कार्यक्रम, म्हणून गायक म्हणाला की बस. आमच्याकडे असल्या कार्यक्रमात एक रीत आहे. मुखडा झाला की घरचा कुणीतरी माईक ओढून घेतो आणि सूचना देतो. गाणं थांबत नाही, गायक नुसता बाजूला होतो आणि सूचना चालू असेपर्यंत जॅझवाल्याने रोल चालू ठेवायचा असतो. हे मला माहीत होतं, शेकडो वेळा पाहिलं होतं. पण वाजवणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं नव्हतं. बाळाच्या मामाने माईक घेतला आणि म्हणाला, "पहिली पंगत बसून राहिली, बाहेरगावच्या पाहुण्यायनं आधी बसून घ्या." मी सोळा मात्रांचा रोल घेतला, सोळाव्या मात्रेला झांज मारली आणि थांबलो. मामा अजून बोलतच होता. "पत्रावळी घेऊनच बसा. ज्यायचे जोडे मांडवात हायेत..." सगळा मांडव शांत झाला आणि जोड्यांचं सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. लोक हसले. गायकाने माझ्याकडे वळून पाहिलं नाही, हे त्याचे उपकार.

भावाला सांगितलं तेव्हा तो हसला, लकव्यानंतर पहिल्यांदा. हसताना त्याचं तोंड एकीकडेच जायचं आणि डोळ्यातून पाणी यायचं. मग म्हणाला, "रोल तुहा नसते, लहान्या. गाणाऱ्याचा असते. तो श्वास घेते, तोवर लोकायले तू धरून ठेवाचं. त्याचा खांदा वर गेला का समज, आता येते. मंग झांज. तुह्या वहीत श्वास किती मात्रेचा लिव्हला हाये?"

त्यानंतरच्या रविवारी तो स्वतः गायक झाला. खाटेवर उशीला टेकून बसायचा, मी रोल चालू करायचो, आणि तो वाटेल तितका वेळ थांबून डावा खांदा वर करायचा. कधी सहा मात्रांनी, कधी तीसने. मी त्या खांद्याकडे पाहत ड्रमांवरून फिरत राहायचो. मोजणं सुटलं नाही, पण आकडा कळायचा तो झांज मारल्यानंतर. मार्चच्या शेवटी असा एक रविवार आला की मी एकदाही चुकलो नाही. त्या दिवशी त्याचा खांदा बत्तीस वेळा वर गेला. मी संध्याकाळच्या गाडीने परतताना खिडकीशी बसून ते सगळे पुन्हा मनात वाजवले. मला फार बरं वाटत होतं, आणि वाटायला नको होतं, कारण त्याच दिवशी वहिनींनी मला अंगणात थांबवून विचारलं होतं, "भाऊजी, खरं सांगा. हात येईन का?" मी खरं सांगितलं होतं. आत जाऊन त्यांनी त्याच्या उजव्या हाताला तेल लावलं. रोज लावत तसंच.

एकट्याचं राहिलं होतं. ते शिकवायला भावाने साफ नकार दिला.

"रोल शिकवता येते," तो म्हणे. "एकट्याचं शिकवता येत नाई. तुह्या डोक्यात जे हाये थे वाजव."

"माह्या डोक्यात काही नाई, भाऊ."

"कसं नाई? दिवसभर काय आयकते तू?"

"ट्रकवाले. काटा."

"मंग थे."

मला वाटलं, थट्टा करतोय. घरी बसून मी प्रयत्न केला, नाही असं नाही. जुन्या टायरच्या तुकड्यावर काड्या घेऊन बसलो. दहा-बारा मात्रा झाल्या की मला कळायचं नाही की आता पुढे काय आणि का. रोलमध्ये निदान गायकाचा खांदा होता. इथे कुणीच नव्हतं. जयंतीला नऊ दिवस राहिले आणि माझ्याकडे एकही आवर्तन नव्हतं.

तेव्हा मी ते केलं. माझ्या पुतणीच्या मोबाइलमध्ये, भावाच्या मुलीच्या, त्याच्या एका एकट्याचं रेकॉर्डिंग होतं. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. ते मी मागून घेतलं, गती अर्धी करून ऐकलं आणि वहीत उतरवलं. बेचाळीस आवर्तनं, सहाशे अठ्ठ्याऐंशी ठोके. प्रत्येक ठोका कोणत्या ड्रमावर, कोणत्या हाताने. चित्र मधेच लोकांकडे वळायचं, तिथे नुसत्या आवाजावरून ओळखलं. एकतिसाव्या आवर्तनात पाचव्या आणि सहाव्या मात्रेला हात पूर्ण थांबलेले होते, नुसता पायाचा ड्रम दोनदा वाजत होता, आणि सातव्या मात्रेपासून पुन्हा सगळं तुटून पडत होतं. ती जागा मला सगळ्यांत आवडली. किती विचार करून ठेवली असेल, असं वाटलं. नऊ दिवस मी ते सगळं पाठ केलं. घरी बायको म्हणाली, "भावाले सांगितलं का?" मी म्हटलं, त्याला तिथेच ऐकवू. माझा समज असा होता की त्याला बरं वाटेल. जागा त्याची, तर वाजणंही त्याचंच.

जयंतीला सौंसरला विहारासमोर मांडव होता. भावाला प्लास्टिकच्या खुर्चीत पुढच्या रांगेत बसवलं. पांढरा शर्ट, वहिनींनी बटणं लावलेला. रोल मी सगळे बरोबर घेतले. एकदा गायकाने अंतऱ्याआधी मुद्दाम श्वास लांबवला, मी धरून ठेवलं, आणि झांजेला त्याने मागे वळून मान हलवली. पाचव्या गाण्यानंतर तो पाणी प्यायला बसला आणि मी सुरू केलं.

मी एकही ठोका चुकलो नाही. शिट्ट्या आल्या. चाळिसाव्या आवर्तनापासून लोक उभे राहिले. मी शेवटची झांज मारून भावाकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवू शकत नव्हता हे तर होतंच. पण तो माझ्याकडे पाहतही नव्हता. मांडवाच्या खांबाकडे पाहत होता.

त्याच्या मागच्या रांगेत काय बोललं गेलं ते मी ऐकलं नाही, वहिनींनी नंतर सांगितलं. एकजण म्हणाला, "हा त मोठ्यासारखाच वाजवते बे. जराही फरक नाई." दुसरा म्हणाला, "हाव ना. आता मोठा नसला तरी काई अडत नाई."

त्या रात्री मी तिथेच मुक्काम केला. सकाळी वहिनींनी चहा दिला, तो माझ्या हातून बशीने प्यायला, आणि मग म्हणाला, "थे मधात हात कायले थांबवला?"

"एकतिसाव्या आवर्तनात?"

"मले काय माहीत कितवं. जिथं नुसता पाय वाजवला."

"तुमी थांबवला होता, भाऊ. रेकॉर्डिंगमध्ये हाये."

"तिथं माही काडी पडली होती, लहान्या," तो म्हणाला. "घामानं सुटली. दुसरी पिशवीतून काढेपर्यंत पायानं सांभाळलं."

मी त्याची पडलेली काडी नऊ दिवस घोटून पाठ केली होती आणि चारशे माणसांपुढे वाजवली होती. चारशे हा माझा अंदाज आहे, खुर्च्या साडेतीनशे होत्या.

"मले वाटलं तुमाले बरं वाटन."

"तू माही जागा राखाले बसला होता ना?" त्याचा आवाज चढला नाही. चढवण्याइतकी ताकद तोंडात नव्हती. "राखणारा बसला का लोकायले समजाले पाह्यजे, का हा राखून राहिला. असली कोण, समजाले पाह्यजे. तू त मलेच उचलून नेलं. पडलेल्या काडीसकट."

मग त्याने भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा जॅझवरची चादर सुतळीने बांधलेली होती. वहिनींनी डोळ्यांनी खुणावलं की आज नको. त्यानंतर मी जात राहिलो, बसत राहिलो, त्याच्या पायाला चालवत राहिलो. पाय थोडा येत होता, डॉक्टर म्हणाले होते तसा. खोलीपासून अंगणापर्यंत माझी अकरा पावलं त्याची सोळा व्हायची, मग चौदा झाली. पण वाजवण्याबद्दल तो माझ्याशी बोलला नाही. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत एक शब्दही नाही.

पावसाळ्यात जिनिंग बंद असतं. काट्यावर दिवसाकाठी दोन-चार गाड्या, त्याही दुसऱ्याच मालाच्या. मी टायरचा तुकडा काट्याच्या खोलीत नेऊन ठेवला. जागा सोडून द्यावी, असं मनात आलं होतं. पण मी उठलो असतो तर तिथे पॅडवाला बसला असता. मग भावाने जे थट्टेत सांगितलंय असं मी समजलो होतो, ते करून पाहिलं. दिवसभर मी काय बोलतो ते तोंडाने म्हणून पाहिलं. गाडी काट्यावर घेताना मी बावीस वर्षं एकच बोलतो: पुढं घे, पुढं घे, अजून घे, थांब. थोडी मागं. बस. उतर खाली. ड्रायव्हर खाली उतरल्याशिवाय वजन घेत नाहीत. ते मी टायरवर वाजवलं. पुढं घे पुढं घे हे मनातल्या स्नेअरवर, अजून घे म्हणताना हात टॉमवर उतरायचा, थांब म्हणजे झांज दाबून धरायची. उतर खाली हे जमिनीवरच्या मोठ्या टॉमवर. दोन आवर्तनं झाली. मग ऐकत नाही असा ड्रायव्हर, त्याला दोनदा सांगावं लागतं. मग रिकामी गाडी परत येते, तिचा खडखडाट. असं करता करता तीन महिन्यांत अकरा आवर्तनं झाली. चांगली होती असं मी म्हणणार नाही. भावाच्या बेचाळिसांपुढे ती कुठेच नव्हती. पण पुढे काय आणि का, हे मला त्या अकरांत माहीत होतं.

ऑक्टोबरात बोरगावला दुपारचा कार्यक्रम होता. भाऊ आला नाही. विचारलं तर म्हणाला, "बसवत नाई." पाचव्या गाण्यानंतर गायक पाणी प्यायला बसला आणि मी माझं सुरू केलं. अकरा आवर्तनं नीट गेली. मला वाटलं होतं, तिथपर्यंत पोचलो की पुढचं आपोआप येईल. आलं नाही. बाराव्या आवर्तनात दोन्ही हात वर राहिले आणि कोणत्या ड्रमावर उतरायचं ते मला कळेना. पाय तेवढा चालू होता. गायकाने पाण्याचा गिलास खाली ठेवला, माईक उचलला आणि सरळ गाण्यातच आला. कुणी शिट्टी मारली नाही. एक लहान मूल रडत होतं, ते ऐकू येत होतं.

संध्याकाळी मी बोरगावहून सौंसरला भावाकडे गेलो. वहिनींनी कंदील लावला होता, वीज गेली होती. तो जागा होता.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"एकट्याचं?"

सहा महिन्यांत पहिल्यांदा विचारलं होतं. मी सांगितलं, "अडकलो, भाऊ. अकरा आवर्तनं झाली अन् बाराव्यात अडकलो. त्यायनं गाणं सुरू करून सांभाळलं."

"माहं वाजवलं नाई?"

"नाई. माहंच होतं."

तो म्हणाला, "लोक काय म्हणे?"

"म्हणे, मोठे पाह्यजे होते."

"किती जण म्हणे?"

मला इथे दहा म्हणता आलं असतं. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांचीही तीच इच्छा असावी असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण मला येत नाही. "दोघं," मी म्हणालो.

"दोनच?"

"एक कॅसिओवाला. अन् एक बोरगावची म्हातारी, पुढच्या रांगेत असते ती."

"ती त बहिरी हाये," भाऊ म्हणाला. त्याचं तोंड एकीकडे गेलं आणि डोळ्यातून पाणी आलं. त्यातलं किती हसण्याचं होतं, ते मला ओळखता आलं नाही. वहिनींनी पदराने त्याचं तोंड पुसलं.

"दाखव," तो म्हणाला.

मी खाटेच्या लोखंडी पट्टीवर बोटांनी वाजवलं, तोंडाने बोलत. पुढं घे, पुढं घे, अजून घे, थांब. तो डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या आवर्तनाला म्हणाला, "हा ड्रायव्हर आयकत नाई वाटते." मी म्हटलं, "नाई आयकत." अकरावं संपलं आणि मी थांबलो.

"इथं अडकला?"

"इथंच."

"पुढं काय होतं?"

"पुढचं केलंच नव्हतं, भाऊ."

"अस्सं," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने डाव्या हाताने पट्टीवर काहीतरी वाजवायला घेतलं, मग हात मागे घेतला. "नाई," तो म्हणाला. "थे माहं होईन. तू कर. झालं का आयकव."

त्यानंतर कापसाचा हंगाम लागला. काट्यावर रांगा होत्या, रविवारची सुटी गेली. नोव्हेंबरात मी दोनदा सौंसरला गेलो, डिसेंबरात एकदा. दर वेळी त्याने विचारलं, "झालं का?" आणि मी म्हणालो, "नाई." तिसऱ्या वेळी त्याने विचारलं नाही, नुसतं पाहिलं. जानेवारीत दुसरा झटका आला आणि नागपूरला नेताना वाटेतच तो गेला.

बारावं आवर्तन मी फेब्रुवारीत केलं. तेरावं आणि चौदावं मार्चमध्ये. या जयंतीला ते वाजवले. गायक म्हणाला, बरं होतं. कॅसिओवाला म्हणाला, बरं होतं. बोरगावची म्हातारीही बरं म्हणाली. मोठे पाह्यजे होते, असं या वेळी कुणी म्हणालं नाही. ते बरोबर आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.